उधाणापर्यंतचा पाहुणा

पोर्तो बोलिवार,
५ ऑगस्ट १९९६

आदरणीय ओतीलिया यांस,

आपले मागील पत्र पोचले. मी वेळेवर जेवतो की नाही, या आपल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. भात आणि मसूर. स्वयंपाकघरातील दुसऱ्या खुर्चीवर मी सध्या कारखान्याचे अहवाल ठेवतो, त्यामुळे ती रिकामी दिसत नाही.

आज मात्र एका कामासाठी लिहीत आहे. फ्रान्समधील ज्या कंपनीला आम्ही गेली काही वर्षे डोक्यासकट अख्खी कोळंबी पाठवतो, त्या कंपनीचे खरेदीदार श्री. अन्सेल्म कादियू बावीस तारखेस ग्वायाकिलला उतरत आहेत. थायलंडच्या एका निर्यातदाराने त्यांना किलोमागे अर्धा डॉलर कमी भाव देऊ केला आहे. श्री. कादियू कारखाना स्वतः पाहून निर्णय घेणार आहेत. हा करार गेला, तर बर्फाची यंत्रे विकून दाराला कुलूप लावण्याचा आमच्या मालकांचा निश्चय आहे. तसे झाल्यास निवडीच्या टेबलावरील सर्व स्त्रिया घरी बसतील. त्यांच्या प्रमुख फ्रेसियाबाई या आपल्या शाळासोबती आहेत, म्हणून हे मुद्दाम कळवीत आहे.

माझी तयारी पूर्ण आहे. ‘जागतिक बाजारपेठेत एक्वादोरच्या कोळंबीची स्पर्धाक्षमता’ या विषयावर मी पाऊण तासाचे निवेदन तक्त्यांसह सिद्ध केले आहे. शिवाय श्री. कादियू यांनी थायलंडच्या मालाची एक गोठवलेली पेटी सोबत आणावी, अशी विनंती मी केली असून त्यांनी ती मान्य केली आहे. दोन ताटे, दोन्हींवर खूण नाही. चव घेऊन त्यांनी ठरवावे. न्याय्य स्पर्धेस आपण भिता कामा नये.

आपल्याकडे एवढीच विनंती की त्यांना विमानतळावर भेटावे, आपल्या खानावळीत एक हलके जेवण द्यावे व दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या गाडीत बसवून द्यावे. मी स्वतः आलो असतो. परंतु विमानतळाचा रस्ता, एर्मेलिंदा शेवटी जिथे होती त्या रुग्णालयावरून जातो आणि तो मी सध्या टाळतो. कृपया त्यांच्याशी कोळंबीचा भाव, माझी प्रकृती आणि एर्मेलिंदा या विषयांवर काहीही बोलू नये.

आपला नम्र,
लेओपोल्दो विंतिमिया

*

ग्वायाकिल,
९ ऑगस्ट

भाऊजी,

‘होकारार्थी’ म्हणे! अहो, मेहुणीला पत्र लिहिताय की कस्टमच्या साहेबाला? ताई गेल्यापासून तुमच्या शर्टाची वरची गुंडी जी बंद झालीय ती झोपतानाही उघडत नाही, असं फ्रेसिया सांगत होती. आणि मसूर आठवड्यातून कितीदा खायचा याला काही मर्यादा?

आता मुद्द्याचं. बावीस तारीख कोणी ठरवली? तुम्हीच ना? मग बसा खाली आणि वाचा. बावीस तारखेला भांगाची भरती आहे हो, भांगाची! चंद्र अर्धा, समुद्र सुस्त, ओहोटी नावापुरती. तळ्याच्या झडपा सताड उघडल्या तरी पाणी अर्ध्यावर येऊन थांबणार. त्या दिवसांत आपल्याकडे कोणी कोळंबी काढतं का? कारखाना बंद, टेबलं धुऊन उलटी टाकलेली, बायका घरी नखं रंगवत बसलेल्या. इतका लांबून आलेल्या माणसाला काय दाखवणार, उलटी टेबलं?

तुमची चूक मी धरत नाही. तुम्ही कुएन्काचे, डोंगरातले. समुद्र तुम्हाला ताईनेच शिकवला, तोही स्वयंपाकघरातून ओरडून: ‘आज उधाण आहे, जेवायला वाट बघणार नाही!’ आता ओरडणारं कोणी नाही, त्यात तुमचा काय दोष. पण तारीख बदला. खरं उधाण अठ्ठावीसला, पुनवेला.

आणि ते पाऊण तासाचं भाषण. ते ऐकून आजवर कोणी कोळंबी विकत घेतल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

ओतीलिया

*

पोर्तो बोलिवार,
१४ ऑगस्ट

आदरणीय ओतीलिया यांस,

आपले म्हणणे दुर्दैवाने बरोबर आहे. मी भिंतीवरील दिनदर्शिका पाहिली. तीवर भरती-ओहोटीच्या खुणा एर्मेलिंदा पेन्सिलीने करीत असे. जानेवारीनंतरची पाने कोरी आहेत. ती कोरी आहेत हे मी रोज पाहत होतो. त्याचा अर्थ मात्र माझ्या ध्यानात आला नाही.

तथापि तारीख बदलणे शक्य नाही. तिकीट निघाले आहे. थायलंडमध्ये पंप लावून महिन्याच्या कोणत्याही दिवशी तळे उपसतात. ‘आम्ही चंद्रावर अवलंबून असतो, सबब आपण नंतर यावे’ असे मी ग्राहकास लिहिले, तर त्याने पुढील पत्र थेट बँकॉकला लिहावे, हेच योग्य ठरेल. म्हणून मी गोठवलेला साठा दाखवीन, निवेदन वाचीन आणि रिकाम्या तळ्यांची नव्हे, भरलेल्या तळ्यांची फेरी घडवीन. ती सुंदर दिसतात.

आपण ठरल्याप्रमाणे त्यांना तेवीस तारखेस सकाळी गाडीत बसवावे. कोणतीही युक्ती योजू नये. ‘युक्ती’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरीत आहे. आपल्या लग्नात नवरदेवाच्या मामास दोन दिवस कोंडून ठेवण्यात आले होते, याचे मला पूर्ण स्मरण आहे.

आपला,
लेओपोल्दो

*

ग्वायाकिल,
२३ ऑगस्ट, शुक्रवार

भाऊजी,

घोटाळा झाला हो. तुमचा फ्रेंच काल उतरला, धडधाकट आहे, काळजी नसावी. पण आज निघणार कसा? केळीवाल्यांनी रस्ता अडवलाय! केळीला भाव मिळत नाही म्हणून भर रस्त्यात ट्रक आडवे घातलेत म्हणे. कधी उघडेल, देव जाणे. तुमच्या चालकाला जेवू घालून या पत्रासह परत पाठवतेय, बिचारा उगाच इथे अडकायचा.

माणूस चांगला आहे. उंच, लालबुंद, बोलतो ते स्पॅनिश पुस्तकातलं. सकाळी बॅग घेऊन दारात उभा. ‘बाईसाहेब, मला सत्वर प्रस्थान करावयाचे आहे.’ मला क्षणभर वाटलं तुम्हीच आलात! मी म्हटलं, ‘प्रस्थान करा हो, पण उपाशीपोटी?’ माशाचं गरम सूप ठेवलं समोर, वर कांदा, लिंबू, बाजूला तळलेली केळी. पहिला वाडगा गुपचूप संपवला. दुसऱ्या वाडग्याला कोट काढला. तिसऱ्याला विचारतो, ‘ही अडवणूक सर्वसाधारणपणे किती दिवस चालते?’ मी म्हटलं, ‘ते केळीवर अवलंबून.’

दुपारी त्याला लाकडी हातोडीने खेकडा फोडायला शिकवलं. पहिल्याच ठोक्याला अंगठा ठेचला. आता जखमी पाहुण्याला मी लगेच प्रवासाला कसं पाठवू? माणुसकी आहे की नाही?

तुमची प्रकृती, कोळंबीचा भाव, ताई, यातलं काहीही बोलले नाही. अजून तरी.

ओतीलिया

*

पोर्तो बोलिवार,
२४ ऑगस्ट

ओतीलियाबाई,

कंपनीची गाडी रिकामी परत आली. चालक मात्र रिकामा परतलेला नाही. त्याने आपल्या खानावळीतील भाताची स्तुती तीन वेळा केली. रस्त्याविषयी विचारता तो म्हणाला, ‘साहेब, रस्ता एकदम मोकळा. नारांखाल गावाच्या अलीकडे एक गाय आडवी बसली होती, ती हॉर्न दिल्यावर उठली.’

केळी उत्पादकांच्या आंदोलनात गायीचा सहभाग कितपत होता, हे आपणच जाणा.

आपण माझ्या ग्राहकाशी असत्य बोललात. मी आजवर एकाही पेटीवर एक ग्रॅम जास्त लिहिलेला नाही. सकाळपासून मी श्री. कादियू यांना सत्य सांगण्यासाठी वारंवार फोन उचलला व ठेवला. कारण सत्य असे आहे की निर्यात व्यवस्थापकास आपली कोळंबी कधी निघते हे ठाऊक नव्हते. हे ऐकल्यावर त्यांनी आमच्याकडून का घ्यावे, याचे उत्तर माझ्या निवेदनात नाही.

अंती मी असे ठरविले आहे की मी स्वतः असत्य बोलणार नाही, आणि कोणी विचारेपर्यंत सत्यही बोलणार नाही. मौन म्हणजे असत्य नव्हे. हे वाक्य मी सकाळपासून स्वतःस ऐकवीत आहे. दुपारनंतर ते थोडे बरे वाटू लागले.

त्यांचा अंगठा कसा आहे?

लेओपोल्दो

*

ग्वायाकिल,
२६ ऑगस्ट, सोमवार

भाऊजी,

अंगठा झकास. त्याच अंगठ्याने काल आमच्या नातवाच्या कपाळावर क्रूस काढला.

घाबरू नका, नीट सांगते. शनिवारी तो हट्टालाच पेटला: ‘अडवणूक असो वा नसो, मी चालत निघतो.’ आता चालत निघालेल्या माणसाला गायीने थोडंच अडवलं असतं! मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. लेकीचं तान्हं दोन महिन्यांपासून बाप्तिस्म्यावाचून पडलंय, धर्मपिता ठरत नव्हता. मी बाळ उचललं आणि तुमच्या फ्रेंचच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, ‘इतक्या लांबून आलात, याचे धर्मपिता व्हा. आमच्यात याला नाही म्हणत नाहीत.’ त्याने बाळाकडे बघितलं, बाळाने त्याचा चष्मा ओढला. संपलं. स्वतःला मूलबाळ नाही हो त्याला. चष्मा नीट बसवत पुस्तकातलं काहीतरी म्हणाला, ‘हा माझा बहुमान आहे’ असलं.

नाव अन्सेल्म ठेवलं. पाद्री कुरकुरला: ‘हे काय नाव?’ मी म्हटलं, ‘फादर, तुमच्या यादीत याहून विचित्र नावाची पोरं फुटबॉल खेळतायत.’ मुकाट नाव लिहून घेतलं.

जेवताना त्यानेच विषय काढला. ‘तुमच्याकडची कोळंबी महाग का?’ मी तर बोलायचं नाही असं तुम्हाला कबूल केलेलं. पण पाहुण्याने विचारलं तर? म्हटलं, ‘आमच्या तळ्यात तिला हातपाय पसरायला जागा असते. दाटीवाटीने वाढवली तर स्वस्त पडेल, पण बाजाराच्या दिवशी बसमध्ये चेंगरलेल्या माणसाचा चेहरा बघितलाय ना? कोळंबीचाही तसाच होतो.’ हसला, पण वहीत काही लिहिलं नाही. भाव मात्र त्याच्या डोक्यातून जात नाही, हे मी ओळखलं. अर्धा डॉलर म्हणजे अर्धा डॉलर.

ताईबद्दल बोलले. रागवा हवं तर. त्याने विचारलं, ‘व्यवस्थापकांची पत्रं इतकी कोरडी का असतात?’ मग सांगावंच लागलं.

बुधवारी पहाटे गाडी पाठवा. पूनम आहे. ‘केळीवाल्यांशी तडजोड झाली’ असं मी त्याला मंगळवारी सांगेन. फ्रेसियालाही एक निरोप धाडलाय. तो बायकांचा आहे, तुम्ही त्यात लक्ष घालू नका.

ओतीलिया

*

पोर्तो बोलिवार,
३१ ऑगस्ट

प्रिय ओतीलिया,

बायकांचा निरोप म्हणजे एखादी पाककृती असावी, असे मी समजलो. ही माझी दुसरी चूक. घडले ते क्रमाने लिहितो, कारण आपल्याला ते तंतोतंत ठाऊक असणे आता आवश्यक झाले आहे.

श्री. कादियू बुधवारी सकाळी आले तेव्हा ओहोटी पूर्ण वेगात होती. झडपा उघडल्या होत्या, पाणी गर्जत बाहेर पडत होते आणि जाळ्यांत कोळंबी उड्या मारीत होती. निवेदनाचे कागद काढण्यासाठी मी खिशात हात घातला. ते म्हणाले, ‘विंतिमिया, ते तुमच्या खिशात सुरक्षित आहे, तिथेच राहू द्या,’ आणि बुटांसकट चिखलात उतरले. मलाही उतरावे लागले. माझी विजार कामातून गेली आहे.

दुपारी चव घेण्याचा कार्यक्रम झाला. त्यांची थायलंडची पेटी मी सकाळीच फ्रेसियाबाईंच्या स्वाधीन केली होती. निवडीच्या टेबलावर पांढरा कपडा, दोन ताटे, सर्व स्त्रिया भिंतीशी रांगेत, ओठ आवळून. श्री. कादियू यांनी डावीकडची एक खाल्ली. उजवीकडची एक खाल्ली. पुन्हा डावीकडची. डोके चोखले. मग शांतपणे म्हणाले, ‘उत्तम. दोन्ही उत्तम. मला तर फरक कळत नाही.’

भिंतीशी कोणीतरी ‘आई गं!’ म्हणाले.

‘आणि फरक नसेल,’ ते पुढे म्हणाले, ‘तर शहाण्या माणसाने स्वस्त ती घ्यावी. खरे ना?’

मी एक उचलून खाल्ली. मग दुसऱ्या ताटातली. ओतीलिया, आठवडेच्या आठवडे गोठवलेल्या कोळंबीचे डोके बोटात सैल लागते. या दोन्ही ताटांतील डोकी मानेला घट्ट होती आणि दोन्हींना आमच्याच तळ्याची गोड चव होती. दोन्ही ताटांत आमचाच माल होता! फ्रेसियाबाईंनी नंतर कबूल केल्याप्रमाणे आपण त्यांना निरोप पाठविलात, ‘थायलंडची ठेवूच नका, म्हणजे हरायचा प्रश्नच नाही.’ स्पर्धक ताटातच नसेल तर आपण जिंकणार कोणाला, हा विचार आपणा दोघींपैकी एकीलाही शिवला नाही. आपण आम्हाला आमच्याशीच बरोबरीत सोडविलेत, तेही अर्ध्या डॉलरने महाग असताना.

मी फ्रेसियाबाईंकडे पाहिले. त्या छताकडे पाहत होत्या. गप्प बसलो तर करार जातो. बोललो तर माझ्याच टेबलावरच्या बायका परक्यासमोर लबाड ठरतात आणि करार तरीही जातो. एर्मेलिंदा असती तर तिने मला टेबलाखालून पाय मारला असता. मात्र तो ‘बोला’ म्हणून की ‘गप्प बसा’ म्हणून, हे मला संसारात कधीच नीट कळले नाही.

मी म्हणालो, ‘श्री. कादियू, ही दोन्ही ताटे आमची आहेत. आपली पेटी अद्याप शीतगृहात आहे. बायकांनी केले ते नोकरी जाईल या भीतीने केले. दोष व्यवस्थापकाचा आहे.’

ते हसू लागले. इतके हसले की त्यांना बसावे लागले. ‘मला पहिल्याच घासाला कळले,’ म्हणाले. ‘मी तीस वर्षे कोळंबी खातो आहे. तुम्ही सांगता की नाही, तेवढेच पाहत होतो.’

फ्रेसियाबाई भिंतीपासून म्हणाल्या, ‘बघा, म्हणजे लबाड आम्ही एकट्याच नाही!’ यावर त्यांना ताकीद देणे माझे कर्तव्य होते. ती मी अद्याप दिलेली नाही.

मग खरी पेटी उघडून उकडली. थायलंडची कोळंबीही चांगली आहे; हे लिहिणे मला भाग आहे. डोक्याची चव आमची सरस, कवच त्यांचे अधिक सारखे. श्री. कादियू बराच वेळ हिशेब करीत बसले. शेवटी म्हणाले, ‘थायलंडला मी दर फेरीला दोन तपासनीस पाठवतो. वजन, दर्जा, सगळे पाहायला. त्यांचे विमान, हॉटेल, पगार, सगळे माझ्या माथी. तुमच्याकडे पाठवायची गरज दिसत नाही, कारण तुम्ही स्वतःच्या विरुद्धही खरे बोलता. तो खर्च वजा केला, तर तुमचा भाव माझ्या आवाक्यात येतो. निम्मी मागणी तुमची, दोन वर्षांसाठी.’

माझ्या अठरा तक्त्यांपैकी एकाही तक्त्यात हा मुद्दा नव्हता.

मी कागद पुढे केले. त्यांनी पेन उघडले, कागदावर नेले आणि तिथेच थांबून, मान वर न करता विचारले: ‘बरे, विंतिमिया. केळीवाल्यांनी रस्ता खरोखरच अडवला होता का?’

पेनाचे टोक कागदापासून केसभर वर होते. ते माझ्या खरेपणावर सही करीत होते आणि मला खरेपणाचाच प्रश्न विचारीत होते. ‘नव्हता’ म्हटले असते, तर त्यांच्या धर्मपुत्राची आजी खोटारडी ठरली असती, त्याच आठवड्यात त्याच्या कपाळावर पाणी पडलेले असताना.

मी म्हणालो, ‘होता. फार मोठी अडवणूक होती.’

त्यांनी सही केली. त्यांना कळले की नाही, हे मला सांगता येत नाही. मिशीखाली काहीतरी हलले.

नंतर बायकांनी अंगणात मोठे पातेले चढविले आणि मी त्यांच्यात बसून जेवलो. बरेच जेवलो. फ्रेसियाबाई म्हणाल्या, ‘साहेब, खोटं बोललं की भूक लागते, नाही?’ मी ताट पुन्हा पुढे केले. तोंडात घास होता.

आता कृपया पुढील गोष्टी नीट ध्यानात ठेवाव्यात. श्री. कादियू मंगळवारी परतीच्या विमानासाठी आपल्याकडेच उतरतील, आणि ते चौकस आहेत. अडवणूक नारांखालच्या पुलाशी होती. ट्रक होते, माणसे होती. जेवताना त्यांनी पुन्हा विषय काढला, तेव्हा मी ओघात जळत्या टायरांचा आणि एका बँडचा उल्लेख करून बसलो आहे. बँड कशासाठी आला होता, हे मला तेव्हाही सुचले नाही आणि अद्याप सुचलेले नाही. ते तेवढे आपण सांभाळून घ्यावे.

आपला,
लेओपोल्दो